जुन्या नांदेडातील पायी फेरी

आपल्या मंडळाची वार्षिक सहल कोठे न्यावयाची, यावर दरवर्षी थोडी वादावादी होतेच. यंदा मी नांदेडचे नाव सुचविले तेव्हा सभेत हशा पिकला. "अहो, नांदेडला सहल कसली? आठवड्यातून दोनदा तर आपण तेथे भाजीला, किराण्याला आणि दवाखान्याला जातो!" असे एक भगिनी म्हणाल्या, आणि त्यांचे काही चुकले नव्हते. विष्णुपुरीहून नांदेड आठ-नऊ किलोमीटर. रिक्षात बसले की अर्ध्या तासात बाजार. पण बाजारासाठी गेलेली बाई पिशवीकडे पाहते, भावाकडे पाहते, घड्याळाकडे पाहते. गावाकडे ती पाहतच नाही.

मला हे सुचण्याचे कारण घरचेच आहे. माझ्या धाकट्या मुलीने शाळेच्या वहीसाठी विचारले, "आई, आपल्या नांदेडचा इतिहास सांग." मी म्हटले, "सचखंड गुरुद्वारा." ती म्हणाली, "आणखी?" आणि मी गप्प झाले. बावीस वर्षे ज्या गावच्या पाण्याकाठी संसार केला, त्याविषयी मला एका शब्दापलीकडे सांगता येऊ नये, याची मनाला चुटपुट लागली. मग वाचनालयातून पुस्तके आणली, मंडळातील एका भगिनीच्या यजमानांनी (ते इतिहासाचे शिक्षक आहेत) वाट आखून दिली, आणि मार्गशीर्षातील एका सकाळी आम्ही तेवीसजणी जुन्या नांदेडात पायी फिरावयास निघालो. त्या फेरीची ही हकिकत.

पूल ओलांडून वजिराबादच्या बाजूस उतरलो आणि प्रथम गोवर्धन घाटावर गेलो. या घाटावर गाव आपल्या माणसांना शेवटचा निरोप देते, म्हणून काहीजणी तेथे जरा बिचकल्या. पण ज्या गावाचा जन्मच नदीकाठी झाला, त्याचा इतिहास घाटापासूनच सुरू व्हावयास हवा. नांदेड हे नाव कोठून आले? लोक सांगतात की शंकराच्या नंदीने या तटावर तप केले, म्हणून हा नंदीतट. ही झाली श्रद्धेची गोष्ट. लेखी पुरावाही आहे. १९३९ साली वाशीमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. तो इसवी सनाच्या चौथ्या शतकातला. त्यात राजाने एक गाव दान दिल्याची नोंद आहे, आणि ते गाव 'नांदीकड'च्या उत्तरेकडील भागात असल्याचे लिहिले आहे. विद्वान लोक हे नांदीकड म्हणजेच आपले नांदेड मानतात. म्हणजे आपल्या गावाचे नाव सोळाशे वर्षांपूर्वी तांब्यावर कोरले गेले, आणि तेही एका दानपत्रात! हे ऐकून मघाशी हसलेल्या भगिनीच म्हणाल्या, "अगं बाई, एवढं जुनं?" तेथून पुढे त्या सर्वांत पुढे चालत होत्या.

घाटाच्या पायऱ्यांवर बसून आम्ही शेष घराण्याची गोष्ट वाचली. हे मूळचे गोदातीरीचे, नांदेडचे व्याकरणपंडितांचे घराणे. त्यांतील विद्वान पुढे काशीला जाऊन राहिले. सोळाव्या शतकात काशीत शेषकृष्ण नावाचे थोर वैयाकरण होऊन गेले. त्यांनी 'प्रक्रियाप्रकाश' नावाची टीका लिहिली. ज्यांचा 'सिद्धान्तकौमुदी' हा ग्रंथ आजही संस्कृतचे विद्यार्थी अभ्यासतात, ते भट्टोजी दीक्षित या शेषकृष्णांचेच शिष्य. पाहा, आपल्या गावच्या घरातील विद्या काशीला गेली आणि तेथून सगळ्या देशात पसरली. नांदेडात त्यांचा वाडा कोणी दाखवीत नाही. विद्या मात्र अजून चालू आहे.

तेथून नदीच्या कडेकडेने आम्ही नगिना घाटाकडे निघालो. १७०८ साली शिखांचे दहावे गुरू श्री गोविंदसिंगजी नांदेडला आले. औरंगजेबाचा मुलगा बहादूरशहा हा आपला भाऊ कामबक्ष याच्यावर चालून दक्षिणेत उतरला होता. त्याच्या स्वारीबरोबर गुरुजी इकडे आले आणि गोदावरीच्या काठी राहिले. नगिना घाटाची कथा अशी सांगतात की, एका श्रद्धाळू बंजाऱ्याने गुरुजींना एक मौल्यवान नग भेट दिला. गुरुजींनी तो घेतला आणि सरळ नदीत टाकून दिला. बंजाऱ्याला वाईट वाटले. तेव्हा गुरुजी म्हणाले, पाण्यात पाहा आणि तुझा कोणता तो उचलून घे. त्याने वाकून पाहिले तो पाण्यात नगांचे ढीगच्या ढीग! शहराबाहेर हिराघाट आहे, तेथेही अशीच कथा आहे. तेथे बादशहाने दिलेला हिरा गुरुजींनी गोदावरीत टाकला. तिसरे ठिकाण मालटेकडी. तेथे जमिनीत पुरलेले धन निघाले, आणि ते गुरुजींनी सैनिकांना ढालींनी मोजून वाटून टाकले, असे शीख परंपरा सांगते.

आता कोणी म्हणेल, या भाविकांच्या कथा आहेत. असतील. पण गावाने कोणत्या कथा तीनशे वर्षे जपून ठेवल्या, हाही इतिहासच नव्हे का? जगात पुष्कळ गावे जमिनीतल्या धनावर उभी राहिली. युरोपात आल्प्स पर्वताच्या कुशीत चांदीच्या खाणींवर मोठी झालेली गावे आहेत. ऑस्ट्रिया देशातील श्वात्स हे त्यांतलेच एक. खाणीची भरभराट होती तेव्हा ते फार श्रीमंत होते, आणि आज प्रवासी तेथील जुन्या गल्ल्या पायी हिंडून पाहतात. तेथील मोठ्या चर्चचे दोन भाग होते, एक गावच्या प्रतिष्ठितांचा आणि दुसरा खाणीत राबणाऱ्यांचा. आपल्या नांदेडच्या कथांतही हिरे आहेत, नग आहेत, पुरलेले धन आहे. फक्त प्रत्येक कथेत ते कोणीतरी टाकून दिले आहे किंवा वाटून टाकले आहे. आणि येथील पंगतीचे दोन भाग नाहीत, हे आम्ही पुढे डोळ्यांनी पाहिले.

नगिना घाटाला लागूनच बंदा घाट. येथे माधोदास नावाच्या बैराग्याचा मठ होता. तो जन्माने काश्मीरकडील राजौरीचा. गुरुजींची भेट झाली आणि तो त्यांचा शिष्य, 'बंदा' झाला. हाच बंदासिंग बहादूर. नांदेडहून तो पंजाबात गेला, सरहिंदच्या सुभेदाराचा त्याने पराभव केला आणि जमीनदारांच्या जमिनी कसणाऱ्यांच्या हाती दिल्या. १७१६ साली दिल्लीत त्याला हाल करून ठार मारण्यात आले. नदीकाठी राख फासून बसलेला एक बैरागी येथून उठतो आणि हजार कोसांवर जाऊन कुळांना जमिनी देतो! आमच्यातील एक आजी शेतमजुरी करून मुले वाढविलेल्या आहेत. त्यांनी ते ऐकून घाटाच्या पायरीला हात लावून नमस्कार केला. दुसरे कोणी काही बोलले नाही.

दहाच्या सुमारास सचखंडला पोहोचलो. शत्रूने पाठविलेल्या मारेकऱ्यांनी गुरुजींवर वार केला होता; त्या जखमेतून ते ७ ऑक्टोबर १७०८ रोजी ज्योतीत विलीन झाले. त्यापूर्वी त्यांनी सांगून ठेवले की यापुढे माणूस गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक तख्त आपल्या उंबऱ्यावर आहे. आजची मुख्य वास्तू पंजाबच्या महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधविली. गुरुगादीला तीनशे वर्षे झाली तेव्हा, २००८ साली, देशोदेशींचे यात्रेकरू आले. त्या निमित्ताने शहरातील रस्ते रुंद झाले, घाट नव्याने बांधले गेले. आणि रुंदीकरणात कित्येक जुनी घरेही गेली.

मला सर्वांत आवडले ते येथील पाण्याचे व्रत. रोज पहाटे सेवेकरी गोदावरीवर जाऊन घागर भरून आणतो, आणि त्या पाण्याने तख्ताची सेवा होते. ऊन असो, पाऊस असो, घागर चुकत नाही. ज्या बायकांनी जन्मभर पाणी भरले, त्यांना या व्रताची किंमत कळते.

गुरुजींच्या पत्नी माता साहिब देवांजी याही नांदेडला आल्या होत्या. हिराघाटाच्या बाजूस त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. गुरुजींनी अखेरच्या दिवसांत त्यांना दिल्लीला पाठविले. पुढे पंथाला सावरण्यासाठी त्यांनी ठिकठिकाणच्या संगतींना आज्ञापत्रे धाडली, आणि त्यांतील काही आजही उपलब्ध आहेत. एका बाईने आपल्या नावाने पत्रे पाठवून विस्कटलेल्या माणसांना धरून ठेवले, ही गोष्ट आपल्या मुलींना सांगितली पाहिजे.

लंगरात आम्ही आधी पोळ्या लाटावयास बसलो. मोठ्या तव्याभोवती पंजाबहून आलेल्या बाया होत्या, तेलंगणातल्या होत्या, आमच्यासारख्या मराठी होत्या. भाषा कोणाची कोणास नीट कळेना. पण लाटणे सर्वांचे सारखेच चालत होते. नंतर पंगतीत बसलो. शेजारी कोण बसले आहे हे कोणी विचारले नाही.

जेवण झाल्यावर जुन्या वस्तीत शिरलो. गाडीपुरा, होळी, इतवारा ही नावे आपण रिक्षावाल्याला सांगतो, पण त्या गल्ल्यांतून सावकाश चालत कधी जात नाही. १६३६ साली शहाजहान बादशहाने दक्षिणेचे चार सुभे केले आणि अठरा वर्षांच्या औरंगजेबाला त्यांवर नेमले. या चारही सुभ्यांत मिळून चौसष्ट किल्ले होते. त्यांतील तेलंगण सुभ्याचे मुख्य ठाणे आपले नांदेड, आणि किल्ला कंधारचा. त्या काळी येथे हत्ती-घोडे, कचेऱ्या, खजिने यांची काय धांदल असेल! जुन्या काळी नांदेडची तलम मलमल आणि जरीकाठी वस्त्रे नावाजलेली होती. पुढे निजामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वे आली, कापसाचा व्यापार वाढला, उस्मानशाही गिरणीचा भोंगा वाजू लागला. आता तो भोंगाही बंद पडला. जुन्या लाकडी माड्या थोड्याच उरल्या आहेत. एका वाड्याची कोरीव चौकट रस्त्याकडेला भंगारात टेकवून ठेवलेली पाहिली. त्यावरचे नक्षीचे मोर अजून स्पष्ट दिसत होते.

येथे मला माझे एक खासगी काम होते, ते मी कोणाला सांगितले नव्हते. माझ्या आजेसासूबाईंचे माहेर इतवाऱ्यातले. त्या वारल्या त्याला आता बारा वर्षे झाली. निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी त्या तेरा-चौदा वर्षांच्या होत्या. तो काळ किती भयंकर होता हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. १९४६ च्या ऑक्टोबरात आपल्याच जिल्ह्यात बिलोली भागात गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली; १९४८ च्या जानेवारीत स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटून तो पैसा लढ्याला लावला. रझाकारांच्या भीतीने कित्येक कुटुंबे वऱ्हाडच्या हद्दीत, उमरखेड-पुसदकडे निघून गेली. आजेसासूबाईंचे कुटुंबही एका रात्री बैलगाडीने निघाले. जाताना त्यांच्या आईने घरातील सगळी तांब्यापितळेची भांडी शेजारच्या एका मुसलमान बाईच्या हवाली केली. ती बाई बांगड्या भरण्याचे काम करी.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. काही दिवसांनी हे कुटुंब परत आले. त्या बाईने भांडी मोजून परत दिली. एक पळीसुद्धा कमी नव्हती. अंगणातली तुळस हिरवीगार होती, कारण ती रोज भिंतीवरून पाणी घालीत होती. पुढे लगेच असे दिवस आले की भिण्याची पाळी तिच्या घरावर आली. तेव्हा आजेसासूबाईंच्या वडिलांनी त्या कुटुंबाला आपल्या माजघरात आणून ठेवले आणि स्वतः रात्रभर ओट्यावर बसून राहिले. "आमी काय केलं न्हाई," आजेसासूबाई म्हणत, "तिची तुळस फेडली."

ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून दहा वेळा तरी ऐकली असेल. भाजी निवडता निवडता ऐकली, पाय चेपताना ऐकली. आणि दहाही वेळा त्या बाईचे नाव विचारावयाचे राहून गेले! त्या दिवशी मी इतवाऱ्यात गल्लीच्या खुणा शोधीत हिंडले. त्यांनी सांगितलेला पिंपळ नाही, आड नाही. घर असावे तेथे आता तीन दुकानांच्या लोखंडी झडपा आहेत. एका वृद्ध मुसलमान गृहस्थांना विचारले. त्यांनी पुष्कळ आठवून पाहिले, म्हणाले, "बेटी, नाम मालूम होता तो बताता." मी तशीच परत आले. राजाचे दानपत्र तांब्यावर राहिले, बादशहाचे सुभे कागदावर राहिले. आणि परक्याची तुळस जगविणाऱ्या बाईचे नाव मात्र माझ्या हलगर्जीपणाने गेले. हा इतिहास हरविण्यास परचक्र लागले नाही, महापूर लागला नाही. मी विचारले नाही, एवढेच पुरे झाले.

अखेरीस उन्हे कलताना किल्ल्यावर गेलो. नंदगिरी किल्ल्याला तीन बाजूंनी गोदावरीचा वेढा आहे. बुरुज ढासळले आहेत, आतल्या इमारती नाहीशा झाल्या आहेत. निजामाच्या काळात याच किल्ल्यात शहराच्या पाणीपुरवठ्याची सोय केली होती, असे वाचले होते. ज्या ठिकाणी तोफा ठेवून माणसे अडवावयाची, तेथूनच पुढे घरोघरी पाणी गेले. मला वाटते, त्या किल्ल्याच्या हातून घडलेले सर्वांत चांगले काम तेच असावे.

बुरुजाच्या सावलीत बसून सर्वांनी दिवसभर पाहिलेले एकमेकींना सांगितले. तेव्हा सगळ्यांच्या बोलण्यातून एक गोष्ट आपोआप वर आली. या गावात ज्याने जे राखून ठेवण्यासाठी भिंती बांधल्या, ते बहुतेक गेले. सुभेदारांचे खजिने गेले, किल्ला पडला. आणि ज्याने जे देऊन टाकले, ते मात्र टिकले. शेषांची विद्या टिकली, लंगरची पोळी टिकली, पहाटेची घागर टिकली. म्हणून जुन्या वास्तू मोडल्या तरी चालतील, असे माझे म्हणणे मुळीच नाही. ती मोरांची चौकट भंगारात पाहून माझे काळीज तुटले. घाटांवर येणारे सांडपाणी पाहून लाज वाटली. वास्तू जपल्याच पाहिजेत. पण दगड जपण्याचे काम सरकारचे असेल, तर आठवणी पुढे देण्याचे काम आपले आहे. ते दुसरे कोणी करणार नाही.

आणि भगिनींनो, आपल्या विष्णुपुरीला तरी कमी काय आहे? गोदावरीच्या काठी आपले काळेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. १९८८ च्या सुमारास येथे धरण उभे राहिले. उपसा सिंचनाचा एवढा मोठा प्रकल्प आशिया खंडात विरळा, असे म्हणतात. १९८१ साली येथे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले, तेही मुक्तिदिनाचा मुहूर्त साधून. आज नांदेड शहराला पिण्याचे पाणी आपल्याच जलाशयातून जाते. ज्या इतवाऱ्यात एका बाईने भिंतीवरून तुळशीला पाणी घातले, त्या इतवाऱ्याच्या नळाला आज आपल्या गावचे पाणी आहे. पाणी तर आपण देतोच आहोत; आता आठवणीही देऊ या.

माझी मंडळाला एकच विनंती आहे. मंडळाच्या खर्चाने एक जाड वही आणावी. प्रत्येकीने आपल्या घरातील सर्वांत वृद्ध बाईजवळ बसावे आणि तिचे माहेर कोठले, आड कोठला, शेजार कोणाचा, कोणत्या साली काय घडले, हे विचारून त्या वहीत लिहावे. शुद्धलेखन चुकले तरी चालेल, माझेही चुकते. पण नावे चुकवू नका. नाव विचारल्याशिवाय उठू नका.

परतताना पुलावर रिक्षा थांबवून आम्ही गोदावरीला नमस्कार केला. घरी आल्यावर मुलीने वही पुढे केली. रात्री अकरापर्यंत मी सांगत होते आणि ती लिहीत होती. त्या बांगड्या भरणाऱ्या बाईची गोष्ट आली तेव्हा तिने विचारले, "आई, तिचे नाव काय लिहू?" मी म्हटले, "तेथे जागा मोकळी सोड."

ती जागा अजून मोकळी आहे. इतवाऱ्यातील कोणा जुन्या माणसाच्या वाचनात ही स्मरणिका आली आणि त्यांना ते नाव ठाऊक असले, तर त्यांनी मंडळाकडे अवश्य कळवावे. तुळशीचे ऋण आमच्याकडे अजून बाकी आहे.